वजनकाट्यांच्या दौलतींत प्रधान नेमिला त्याची हकीकत

श्रीगणपतीस, ज्याचे कान सुपाएवढे म्हणोन उमेदवाराचें बोलणें शेवटपर्यंत ऐकून घेतो, आणि उदर थोर म्हणोन ऐकिलेलें चार ठिकाणीं सांगत नाहीं, त्यासी आधीं दंडवत. मागून सरस्वतीस, जी ऐन मुलाखतीचे समयीं जिव्हेवरून उठोन जाते, तिजलाही दंडवत, तिणें रुसूं नये. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी बरी पडली होती, ते समयीं एका दौलतींत प्रधान नेमावयाचा बहुत घोळ जाहला, त्याचा मजकूर येणेंप्रमाणें.

ती दौलत वजनकाट्यांची. सोनाराच्या नाजूक काट्यापासोन उसाची अख्खी गाडी तोलावी ऐशा थोर काट्यापर्यंत जें जें तोलावयास लागतें तें तें त्या राज्यांत घडे, आणि दौलतीचे धनी थोरले आबासाहेब, वय जाहलें तरी आवाज शाबूत, ते काट्यांबरोबर माणसेंही तोलीत, आणि माणूस बहुधा कमीच भरे. राज्य वाढलें, कारखाने चौफेर जाहले, आणि कन्या ताईसाहेब एकटीनें कारभार ओढून थकल्या, म्हणोन एक मुखत्यार प्रधान, ज्यास हल्लींचे लोक सीईओ म्हणती, तो बाहेरून आणावा ऐसा विचार ठरला. मग उमेदवार येऊं लागले. एक आला तो फार गोड बोलला म्हणोन गेला. एक आला त्याचे बूट कुरकुरत होते म्हणोन गेला. एक विलायतेहून शिकोन आला, त्याणें आबासाहेबांस पुसिलें, "सरकारांचें भविष्याविषयीं स्वप्न काय?" आबासाहेब बोलिले, "स्वप्नें झोपेंत पडतात, मी जागा आहें," आणि तोही गेला. ताईसाहेब कपाळास हात लावोन म्हणाल्या, "आबा, आतां शहरांत माणसें उरलीं नाहींत." आबासाहेब म्हणाले, "शहरें आणीक आहेत."

त्याच समयीं दुसऱ्या एका शहरीं शर्वाणीबाई कानडे आपले स्वयंपाकघरांत गाजर वाफवीत उभ्या होत्या. बाई थोर पराक्रमी. पूर्वी एका मोठ्या दौलतींत तीन कारखान्यांची सरदारी करून, संप मिटवून, पुरांत बुडालेलीं यंत्रें कोरडीं करून चालवून दाखविलीं होतीं. मग कन्यारत्न जाहलें, रेवा नांव ठेविलें, आणि बाईंनी सरदारी खालीं ठेविली, म्हणाल्या, थोडके दिवस. ते थोडके दिवस लांबत लांबत रेवा दीड वर्षाची जाहली, दुडदुडूं लागली, आणि बाईंची नजर ऐसी तयार जाहली कीं कोणाचेही घरीं पाय ठेवितांच आधीं टेबलाचे कोपरे दिसावे, मग जिना, मग खालीं पडलेलें बटण, आणि सर्वांचे शेवटीं घरचीं माणसें. आतां पुनरपि मोहिमेवर निघावें ऐसें मनांत आलें, आणि दोन दरबारीं जाऊनही आल्या. दोहींकडे मूल आहे म्हणतांच समोरच्या मंडळीचे मुखावर एक कनवाळू हसूं आलें, आणि हातांत शब्द आला तो "कळवूं." हा "कळवूं" मोठा जालीम. तोफेचा गोळा निदान येऊन पडतो, कळवूं तो कधीं येतच नाहीं. बाई वरून हसत, परंतु आंतून भय धरिलें होतें कीं आणीक एक कळवूं आलें तर आपण कोणे एके काळीं सरदार होतों हें आपणासही खरें वाटेनासें होईल.

तों एके दिवशीं निनादपंत हळबे यांचा फोन आला. ह्या निनादपंतांचा धंदा ऐसा कीं, ज्यास चाकरी आहे त्यास दुसरी दाखवावी, आणि ज्यास माणूस नाहीं त्यास माणूस दाखवावें, आणि दोहींकडून आशीर्वाद घ्यावा. पंत म्हणाले, "मॅडम, वजनकाट्यांच्या दौलतींत प्रधानपद रिकामें आहे. तुमची कैफियत मी धाडिली, ताईसाहेबांस पसंत पडली. परंतु मधलें दीड वर्ष, तेथें मी 'स्वतंत्र सल्लागार' ऐसें म्हटलें आहे."

बाई म्हणाल्या, "सल्ला दिला कोणाला?"

यजमान तन्मयराव शेजारीं बसोन रेवाचा मोजा शोधीत होते, ते म्हणाले, "मला. रोज. मागितला नसतां."

पंत म्हणाले, "थट्टा नव्हे. आणि एक पथ्य, मुलीचें नांव काढावयाचें नाहीं. पुसलें नाहीं तर सांगूं नका, पुसलें तर खोकला काढा." बाईंस हें रुचलें नाहीं, मान हलेना, परंतु ते दोन कळवूं डोळ्यांपुढें उभे राहिले, आणि मान हलली.

मग पहिली फेरी जाहली ती काचेच्या झरोक्यांतून, म्हणजे लॅपटॉपावर. बाईंनी कंबरेवर दरबारी कोट घातला आणि कंबरेखालीं ससे छापलेला पायजमा तसाच ठेविला, आणि दार लाविलें, आणि तन्मयरावांस हुकूम केला कीं किल्ला लढवावा, शत्रू आंत येऊं देऊं नये. पलीकडे ताईसाहेब खासा आल्या, नमस्कार चमत्कार जाहले, आणि बाई उत्पादनाविषयीं बोलूं लागल्या तों दारावर मार सुरू जाहला. धडाधड. किल्लेदार बाहेरून काकुळतीनें म्हणतो आहे, "अगं बाळा, हत्ती बघ, हत्ती," परंतु शत्रू हत्तीस भीक घालीना. ताईसाहेबांनी पुसिलें, "कसला आवाज?" बाईंचे मुखांतून निघोन गेलें, "घराचें काम चाललें आहे, भिंत पाडतात." ताईसाहेब म्हणाल्या, "बरें बरें," आणि पुढचा प्रश्न केला. बाईंचे कान तापले, परंतु बोलणें थांबविलें नाहीं.

दुसरी फेरी मसलतीची. दौलतीचे पांच मुत्सद्दी एका रांगेंत बसले, प्रत्येकापुढें पाण्याची बाटली, आणि एकाणें पुसिलें, "पांच वर्षांनी आपण स्वतःस कोठें पाहतां?" बाईंच्या डोळ्यांपुढें पहिलीच्या वर्गाचें दार आणि त्यांत रडणारी रेवा आणि तिजहून अधिक रडणाऱ्या आपण ऐसें चित्र आलें, तें गिळोन म्हणाल्या, "विस्तारामध्यें." मुत्सद्दी डोलले. दुसऱ्याणें पुसिलें, "आपला दोष कोणता?" बाई म्हणाल्या, "मला काळजी फार वाटते. जें अजून पडलें नाहीं तें पडेल ऐसें आधीं दिसतें." हें तों निव्वळ सत्य होतें, परंतु मुत्सद्दी एकमेकांकडे पाहून म्हणाले, "वाहवा, काय दूरदृष्टी!" बाईंस आनंदाचें ऐसें भरतें आलें कीं बाहेर पडतांना लिफ्टमध्यें एकट्याच दोन फुगड्या घातल्या, आणि दार उघडतांच पदर सांवरून गंभीर जाहल्या.

आतां राहिली तिसरी, ती भोजनफेरी. त्या दौलतीचा जुना शिरस्ता ऐसा कीं, वरचे पदीं माणूस घेणें तर तो आधीं धन्याचे पंगतीस बसवावा, धन्याणें पुसावें आणि उमेदवाराणें जेवतां जेवतां उत्तर करावें. कां, तर आबासाहेब म्हणत, "हातांत घास असतां माणसास खोटें बोलवत नाहीं, हात अडखळतो." गोडबोल्या आणि विलायतवाला दोघेही ह्याच पंगतींत पडले. निनादपंत बाईंसंगें जातीनिशी आले आणि गाडींत सारी वाट पढवीत होते, "कमी खा, हळू बोला, आबासाहेबांचें म्हणणें खोडूं नका, बोटें चाटूं नका, आणि तें पथ्य विसरूं नका." बाई हो हो म्हणत होत्या, परंतु मन घरीं. ही वेळ रेवाच्या वरणभाताची. तन्मयरावांस फुंकर घालावयाचें ध्यान राहील कीं नाहीं, लिंबाची बी निघेल कीं नाहीं, ह्या विवंचनेंत दौलतीचा दरवाजा कधीं आला तें कळलें नाहीं.

पाट मांडले होते. मधें आबासाहेब, त्यांचे उजवे हातास बाई, समोर ताईसाहेब, आणि कडेस निनादपंत मांडी न घालवतां कसेबसे तिरपे बसलेले. ताटांत वरणभात, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड. बाईंनी नमस्कार केला आणि संवयीप्रमाणें आधीं पाटाचे कोपरे पाहिले, गोल होते, मनास बरें वाटलें. आबासाहेब म्हणाले, "बोला, काय करणार माझे राज्याचें?" मग बाईंनी वरणभात कालवीत कालवीत मसलत मांडिली. "सरकार, नवे काटे आपण विकतोंच. परंतु जुने बिघडतात तेव्हां दुकानदार काय करितो? फेकितो आणि दुसऱ्याचा घेतो. गांवोगांवीं आपलें दुरुस्तीचें ठाणें असावें, काटा आमचा तों त्याची काळजीही आमची, ऐसें जाहलें तर गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या हलणार नाहीं."

आबासाहेबांचे भुवईस आंठी पडली. "आमचा काटा बिघडत नाहीं."

ताईसाहेब हळूच म्हणाल्या, "आबा, बिघडतो. मागच्या महिन्यांत—"

"बिघडत नाहीं म्हणतों ना! मला हें नको." आणि आबासाहेबांनी ताट पुढें सारिलें, ओंठ घट्ट मिटले, हनुवटी खांद्यास लाविली आणि मुख भिंतीकडे फिरविलें. पंगत गार पडली. ताईसाहेबांनी हात थांबविला, कारण हें लक्षण त्या जाणत होत्या, ह्यापुढें उमेदवार जातो. निनादपंतांनी डोळे मिटोन रामनाम आरंभिलें. परंतु शर्वाणीबाई आपले मसलतीच्या ऐन भरांत होत्या, बोलणें चालूच होतें, "पाहा, ठाणें म्हणजे मोठा खर्च नव्हे, आहे त्याच दुकानदारास शिकवावें," आणि नजरेच्या कोपऱ्यांत त्यांस दिसले ते मिटलेले ओंठ आणि ती फिरविलेली मान. हें सोंग त्या रोज दोन वेळां पाहत होत्या. तों काय जाहलें, तें बाईंस मागून पुसलें तरी सांगतां आलें नाहीं. हात आपोआप आबासाहेबांचे ताटाकडे गेला, त्याणें मऊ वरणभाताचा लहान गोळा केला, लिंबाची बी बाजूस सारिली, बाईंनी बोलतां बोलतां मधेंच त्यावर फुंकर घातली, आणि हात उचलून थोरल्या सरकारांचे मुखापाशीं नेऊन म्हणाल्या, "हा बघ काऊचा. आ कर. आ..."

आणि आबासाहेबांनी आ केला.

घास आंत गेला. दौलतीचा धनी, ज्यापुढें बँकांचे अधिकारी उभे राहून बोलत, तो भिंतीकडे तोंड करून वरणभात चावूं लागला. ताईसाहेबांचे हातून वाटी पडली ती फिरत फिरत पंतांपर्यंत गेली. पंतांनी एक डोळा उघडला आणि पुनः मिटला. आतां बाईंस आपला हात दिसला. तो अजून अधांतरीं होता, बोटांस शितें होतीं, आणि तो हात कोणाचा हें ओळखावयास क्षण लागला. मनांत म्हणाल्या, गेलें, प्रधानपद गेलें, आतां ह्या दौलतींत आपली गोष्ट लग्नामुंजींत सांगतील.

आबासाहेब चावून जाहले, गिळिलें, मान सावकाश फिरविली आणि म्हणाले, "काऊचा जाहला. चिऊचा कोठें आहे?"

ताईसाहेबांस जें हसूं फुटलें तें पदरांत मावेना. बाईंस कळेना हसावें कीं पळावें, परंतु हातानें चिऊचाही घास केला, आणि तोही गेला. मग आबासाहेबांनी पुसिलें, "किती वर्षांचें?"

निनादपंत कडेवरून जोरानें खोकूं लागले. बाईंनी त्यांजकडे पाहिलें नाहीं. म्हणाल्या, "दीड वर्षाची आहे. मुलगी. रेवा."

"मजला ह्या पंतांनी सांगितलें होतें कीं घरीं पाश कांहीं नाहीं, बाई दीड वर्ष सल्ले देत होत्या." हें बोलतांना आबासाहेबांचा आवाज पालटला. ताईसाहेब म्हणाल्या, "आबा, मला ठाऊक होतें. पहिल्या फेरींत भिंत पाडीत होते ना, ती भिंत 'आई, आई' म्हणत होती. मी म्हटलें, शहाणी भिंत दिसते, आणि गप्प बसलें." परंतु आबासाहेब हसले नाहींत. म्हणाले, "ही दौलत कशाची? वजनाची. आमचे राज्यांत पारड्याखालीं बोट लावणें ह्याहून थोर गुन्हा नाहीं. आणि बाई, तुम्हीं बोट लाविलें."

शर्वाणीबाईंनी हात धुतला, पदरास पुसला, आणि बोलत्या जाहल्या, "लाविलें, सरकार. दोन दरबारीं खरें वजन सांगितलें तों पारडें कोणी पाहिलेंच नाहीं, म्हणोन भ्यालें. आतां बोट काढितें, पुरतें मोजून घ्या. मला मूल आहे. मी सांजेस सहाच्या ठोक्यास काम सोडून घरीं जावयास उठणार. तिला ताप आला तर मध्येंच जाणार आणि तुम्हांस कळवीन, पुसणार नाहीं. तिजमुळें मला आतां पडणारी वस्तू पडण्याआधीं दिसते, आणि अडून बसलेला माणूस कां अडला हेंही दिसतें. उरल्या वेळांत राज्य ऐसें चालवीन कीं मागें पाहावें लागणार नाहीं. हें माझें वजन. कमी भरत असेल तर भरत असेल."

आबासाहेब म्हणाले, "सहा? माझे राज्यांत मी उठल्याशिवाय कोणी उठत नाहीं, आणि मी दिवे लागल्यावर उठतों."

"म्हणोनच तुमच्याकडे चांगलें माणूस टिकत नाहीं," बाई बोलून गेल्या. पंतांनी तिरपें बसणें सोडून सरळ आडवें व्हावें ऐसा विचार केला.

आबासाहेबांनी लिंबाची फोड उचलून ताटाचे कडेस ठेविली. मग म्हणाले, "बरें. कळवूं."

तो शब्द कानीं पडतांच शर्वाणीबाईंचे अंगांत कोण संचरलें न कळे. इतके दिवसांचें भय होतें तें उडून गेलें, आणि त्याचे जागीं ऐसी हलकी मौज दाटली, जैसें झोपाळा उंच जाऊन क्षणभर थांबतो आणि पोटांत गुदगुल्या होतात. म्हणाल्या, "कळवूं नका. मजपाशीं दोन आधींच आहेत, तिसरें ठेवावयास जागा नाहीं. नको तर नको म्हणा, हो तर हो म्हणा. परंतु आतां म्हणा, वरणभात निवतो आहे."

"सात," आबासाहेब म्हणाले.

"सहा."

"साडेसहा. धन्याचा मान आहे कीं नाहीं?"

"सरकार, ही मेथीची जुडी नव्हे. सहा."

आबासाहेबांस हसूं आलें, आणि हसतां हसतां ठसका लागला, आणि मुख लाल जाहलें. बाई झटक्यानें उठोन त्यांचे पाठीवर थापट्या मारूं लागल्या आणि म्हणाल्या, "वर बघा, वर बघा, चिमणी बघा, कुठं आहे चिमणी?" आणि थोरले सरकार आढ्याकडे पाहून चिमणी शोधूं लागले. ठसका उतरला, डोळे पुसले, आणि कन्येस म्हणाले, "ही बाई मला मारील नाहीं तर शंभर वर्षें जगवील. दोहींपैकीं काय तें पाहूं. हिला प्रधान करा." ताईसाहेब म्हणाल्या, "आणि सहा?" आबासाहेब ताट पुढें ओढीत म्हणाले, "आणि सहा. आतां कोणी मध्यें बोलूं नका, मला भूक लागली आहे."

बाई बाहेर आल्या आणि घरीं फोन केला, म्हणाल्या, "अहो, मी प्रधान झालें!" तन्मयराव म्हणाले, "फार छान, फार छान, आणि ऐक, हिनें कोशिंबीर केसांना लावली आहे, ती पाण्यानें निघेल का तेल लागेल?" बाई म्हणाल्या, "आधीं तेल," आणि रस्त्यांत उभ्या राहून ऐशा हसल्या कीं निनादपंतांनी गाडींतून पाण्याची बाटली आणून दिली.

पुढें फाल्गुन मासीं शर्वाणीबाईंनी प्रधानपदाचीं वस्त्रें घेतलीं. पहिलाच दिवस. सांजेस सहा वाजतां बाई आसनावरून उठल्या, पिशवी खांद्यास लाविली. सारा दरबार श्वास रोखून पाहत राहिला, कोणाची लेखणी हलेना, कोणाचा माऊस हलेना. तों आंतल्या दालनाचा दरवाजा उघडला आणि आबासाहेब काठी टेकीत खासा बाहेर आले, आणि गर्जले, "प्रधान उठल्या आणि तुम्ही बसला? ही कोठली रीत? उठा, सारे उठा!" मग काय, खुर्च्या सरकल्या, पंखे थांबले, जिन्यावर गर्दी जाहली, आणि आवारांत येऊन लोक उगेच उभे राहिले, कारण अंगावर ऊन पडत होतें आणि ह्या वेळीं ऊन असतें ही वार्ता कित्येकांस नवी होती. पहारेकऱ्याणें आग लागली समजोन घंटा वाजविली. मग ज्याचा तो घरीं गेला आणि दारें ठोठाविलीं, आणि त्या सांजे दौलतीच्या अर्ध्या घरांतून एकच प्रश्न आला, "कोण आहे?"

एवं भोजनफेरी फत्ते होऊन प्रधानपद शर्वाणीबाईंस मिळालें, आणि आबासाहेब दुरुस्तीच्या ठाण्यांविषयीं "बिघडत नाहीं, परंतु असूं द्यावीं" इतपत आले. आम्हांस जैसें कानीं पडलें तैसें येथें मांडिलें, अधिक उणें वाचणाराणें आपले काट्यावर तोलून घ्यावें. शुभं भवतु.